शिरूर-दौंडची माळराने आणि कार्बनसाठा

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके. घोड, भीमेच्या काठी ऊस दिसत असला, तरी हलक्या, मुरमाड जमिनीवरची मूळ निसर्गव्यवस्था गवताळ माळाचीच : कुसळ, पवन्या, मारवेल आणि विरळ बाभूळ, बोर, हिवर. भारताने २०३० पर्यंत वने व वृक्षांद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सामावणारा अतिरिक्त साठा उभारण्याचे ठरवले आहे. मात्र वनसर्वेक्षणात निदान १० टक्के वृक्षछत्र असेल तरच जमीन वनाच्छादनात धरतात. माळ त्यातून सुटतो आणि ‘पडीक’ ठरून लागवडीचे खड्डे झेलतो.

झाडात कार्बन अधिक साठतो, हा माळ राखण्यावरचा आक्षेप भरपूर पावसाच्या प्रदेशात खरा आहे. येथे अवर्षणात रोपे जळतात, खड्ड्यांमुळे माती उघडी पडते. गवताचा बराचसा कार्बन मात्र मुळांत व मातीत असतो. वणव्याने पाते जळाले तरी तो बहुतांशी टिकतो. चराईने माळ उजाड होतो, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा : बेसुमार चराई घातक, पण पाळीपाळीने केलेली चराई व कापणी गवताला पोसते, धनगरांच्या मेंढ्यांनाही चारा देते. लांडगा, खोकड, चिंकारा यांनाही मोकळा माळच लागतो. दौंडलगत, बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य मुख्यतः चिंकाऱ्यासाठीच आहे. म्हणून या तालुक्यांत दाट लागवड ओढ्याकाठी व बांधांवर योग्य. माळावर ती अयोग्यच.