एडक्याचे शिंग आणि शिकारीचा न्याय

रोहिणखेडचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते लढायांमुळे. दख्खनमधून बऱ्हाणपुराकडे उतरणारी वाट येथील घाटातून जात असे. इ. स. १४३७ मध्ये खानदेशच्या नसीरखान फारुकीने वऱ्हाडावर स्वारी केली, तेव्हा बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने त्याचा मोड केला तो याच ठिकाणी. त्या लढाया संपल्या. परंतु घाटाखालच्या शेतकऱ्याचा रोही आणि रानडुकरे यांच्याशी चाललेला झगडा काही मिटलेला नाही. कोणते जनावर मारणे न्याय्य आणि कोणते मारणे गुन्हा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. समाजाने त्याची उत्तरे वेळोवेळी कशी दिली, हे आज पाहावे असा आमचा विचार आहे.

फार जुने उत्तर अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात सापडते. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. शेळी, मेंढी आणि डुकरीण गाभण असेल किंवा पिलांना पाजत असेल तर तिला मारू नये, सहा महिन्यांच्या आतले पिलूही मारू नये, असे तीत सांगितले आहे. मेंढीसाठी तेथे ‘एडका’ हा शब्द आहे. आज आपण नराला एडका म्हणतो. अशोकाला अभिप्रेत होती ती मादी. कौटिल्यानेही वासरू, वळू आणि दुभती गाय अवध्य ठरवून मारणाऱ्याला ५० पण दंड सांगितला. दोन्हींकडे कसोटी एकच दिसते: ज्याच्यावर पुढची पैदास अवलंबून आहे, त्याला हात लावू नये.

इंग्रजी अमदानीत १९१२ साली रानपक्षी व प्राणी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात हरणे, गवे, रानशेळ्या यांच्याबरोबर रानमेंढ्यांचेही नाव आहे. एखाद्या जातीसाठी, किंवा तिच्यातील केवळ माद्या व अपुऱ्या वाढीची जनावरे यांच्यासाठी, शिकारबंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंत. आकडा पुन्हा तोच! मात्र जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावर मारले, तर तो गुन्हा नव्हता.

आता खरी अडचण येते. कायद्याने वय सांगितले. पण बंदूक धरणाराला दुरून वय दिसावे कसे? रानमेंढा आपल्या महाराष्ट्रात नाही. तो पाहायचा तर लडाखकडे जावे लागते. तरीही ही अडचण त्याच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. सांबराची शिंगे गळून पुन्हा येतात. मेंढ्याची शिंगे जन्मभर वाढत राहतात. हिवाळ्यात वाढ मंदावली की शिंगावर एक वळी उमटते. वळ्या मोजल्या की वय कळते. शिंग वळत वळत पूर्ण वेढा घेते, त्यावरूनही अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील अलास्का प्रांताने हीच खूण कायद्यात घातली. एका शिंगाचा वेढा पूर्ण असावा, किंवा दोन्ही शिंगांची टोके मोडलेली असावीत, किंवा वळ्यांवरून वय निदान ८ वर्षे ठरावे. असा मेंढाच मारता येतो. मोडलेल्या टोकांची सवलत का? कारण म्हाताऱ्या मेंढ्याची टोके झिजतात, तुटतात, आणि तो आहे त्याहून तरुण भासतो.

परंतु या खुणेलाही किंमत मोजावी लागते. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात राम माउंटन या डोंगरावर १९९६ पर्यंत चार-पंचमांश वेढ्याचा मेंढा मारता येत असे. ज्याचे शिंग झपाट्याने वाढे, तो पैदास करण्याच्या आधीच कायद्याच्या मापात बसे आणि मरे. जवळजवळ ३० वर्षांच्या नोंदी तपासून २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कळपातील शिंगे पिढ्यानुपिढ्या आखूड होत गेली. अशोकाने पैदास राखण्यासाठी मादी वाचवली. येथे उत्तम नरच कायद्याने वेचून दिला.

आपल्या देशाने पुढे वेगळी वाट धरली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकार बंद केली. मालमत्तेसाठी मारण्याची जुनी सूटही राहिली नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेले तर गुन्हा नाही; उभ्या पिकासाठी मात्र अधिकाऱ्याचा कारणासहित लेखी हुकूम लागतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही व रानडुक्कर यांच्यासाठी अशा परवान्याची पद्धत घालून दिली.

पण परवान्याने नजर सुधारत नाही. रोहीचा नर निळसर करडा, आखूड शिंगांचा. मादी तपकिरी आणि बिनशिंगी. सांबराची मादीही तपकिरी आणि बिनशिंगीच. तिन्हीसांजेला तुरीच्या शेतात हा फरक कोणी सांगावा? बुलढाणा जिल्ह्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात चौशिंगा आहे, चिंकारा आहे. त्यांच्यासाठी कोणी परवाना दिलेला नाही.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. रात्रभर माळ्यावर जागणाऱ्याला शहरातून उपदेश करणे सोपे आहे. त्याला भरपाई वेळेवर मिळावी आणि कुंपणाला मदत व्हावी, ही मागणी आम्ही रास्त मानतो. परंतु अशोकाच्या स्तंभापासून अलास्काच्या डोंगरापर्यंत एक गोष्ट निश्चित दिसते. खूण सांगण्याचे काम कायद्याचे. ती ओळखण्याची जबाबदारी मात्र शेवटी बंदूक धरणाऱ्या एका माणसावरच येते. म्हणून जेथे ओळख पटत नाही, तेथे संशयाचा फायदा जनावराला द्यावा. न्यायालयात आरोपीला तो मिळतोच. येथे तर आरोपीला बोलताही येत नाही.