‘एक’ किती? : आधारच्या मुळाशी असलेली मोजणी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा घेऊन एका माणसाला एकच क्रमांक द्यायचा, ही त्यामागील प्रतिज्ञा. ती पाळायची तर प्रत्येक नवी नोंद जुन्या नोंदींशी ताडून पाहणे आले. कोट्यवधींच्या देशात हे शक्य होते ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर: शून्य आणि एक यांच्या लांब माळेत ‘एक’ किती आहेत?

बुबुळे ताडण्याची जगभर रूढ झालेली पद्धत केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी १९९३ मध्ये मांडली. तीत बुबुळावरील नक्षी २०४८ बिटांच्या माळेत उतरते. दोन माळा शेजारी ठेवून जिथे बिट भिन्न तिथे १ आणि जिथे समान तिथे ० लिहायचा. मग १ मोजायचे. दोन निरनिराळ्या बुबुळांत सुमारे निम्मे बिट भिन्न निघतात, एकाच बुबुळाच्या दोन प्रतिमांत त्याहून पुष्कळ कमी.

ही मोजणी वेगाने कशी करावी, याचा विचार मात्र कितीतरी आधी झाला होता. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या संगणक-आज्ञावलीवरील पाठ्यपुस्तकाच्या १९५७ च्या आवृत्तीत एक सुंदर रीत आहे: शेजारच्या बिटांच्या जोड्यांची बेरीज एकाच वेळी करावी, मग त्या बेरजांच्या जोड्यांची, आणि असेच पुढे. ६४ बिटांना अशा सहा पायऱ्या पुरतात. १९६० मध्ये पीटर वेग्नर यांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. १०११०००० मधून १ वजा केला की १०१०११११ उरतात. दोन्हींत जिथे १ आहे तेवढेच राखले की १०१००००० मिळतात. सर्वांत उजवीकडचा १ गळाला. जितके १, तितक्याच फेऱ्या. १ विरळ असतील तेव्हा ही युक्ती उत्तम. बुबुळांच्या तुलनेत मात्र निम्मे बिट १ असल्याने दर ६४ बिटांमागे सुमारे ३२ फेऱ्या पडतात. तिथे जुनी जोड्यांची रीतच सरस ठरते.

पुढे ही मोजणी यंत्रातच उतरली. १९६४ च्या सीडीसी ६६०० या महासंगणकात तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञा होती. इंटेलच्या सर्वसाधारण प्रोसेसरांत ती २००८ मध्ये आली. आता २०४८ बिटांची माळ म्हणजे ६४ बिटांचे ३२ तुकडे आणि मोजणीच्या ३२ आज्ञा. समजा आधीच्या नोंदी एक कोटी असतील, तर एका बुबुळासाठी २०४८ कोटी तपासण्यांऐवजी ३२ कोटी मोजण्या. डेटाबेसांत ही सोय सर्वत्र लगेच पोहोचली नाही. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये बिटमाळेतील १ मोजणारे फंक्शन २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत आले. त्यापूर्वी माळेचा मजकूर करून, त्यातील शून्ये पुसून, उरलेल्याची लांबी मोजण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या माणसासाठी बुबुळ हाच ओळखीचा भरवसा असतो. त्याच्या माळेतले १ यंत्र बिनचूक मोजते. पण किती फरकापर्यंत ‘हाच तो माणूस’ म्हणायचे, ती रेषा माणसेच आखतात, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कुणाच्या तरी हक्काचे धान्य असते.