दारावरचा फलक: टूसॉनचे चर्च आणि अमेरिकेतील 'सँक्च्युअरी' चळवळ

१/ २४ मार्च १९८२. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहर. साउथसाइड प्रेस्बिटेरियन या छोट्या चर्चसमोर पत्रकार आणि कॅमेरे जमले होते. बाहेर स्पॅनिश भाषेत फलक लागले होते. मध्य अमेरिकेतील पीडितांसाठी हे देवाचे अभयस्थान आहे, इमिग्रेशनच्या लोकांनी ते भ्रष्ट करू नये, असा त्यांचा आशय होता. पास्टर जॉन फाइफ यांच्यासोबत चेहरा झाकलेला एल साल्वादोरचा एक तरुण होता.

२/ त्याआधीच अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलना चर्चचे पत्र गेले होते. निर्वासितांना आसरा देणे ज्या कलमाखाली गुन्हा ठरते, ते कलम हे चर्च उघडपणे मोडणार असल्याचे त्यात कळवले होते. ज्याला माणसे लपवायची आहेत, त्याने सरकारलाच आगाऊ वर्दी का द्यावी? या प्रश्नाच्या उत्तरात या चळवळीचे मर्म आहे.

३/ त्यासाठी थोडे मागे जावे लागते. बरोबर दोन वर्षांपूर्वी, २४ मार्च १९८० रोजी, एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थनाविधी चालू असतानाच गोळी घालून हत्या झाली. तेथील गृहयुद्ध १९९२ पर्यंत चालले आणि सुमारे ७५,००० माणसे मारली गेली. शेजारच्या ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात सुमारे दोन लाख बळी गेले. त्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते.

४/ अमेरिकेने १९८० मध्येच नवा निर्वासित कायदा केला होता. वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळाची रास्त भीती असणाऱ्याला आश्रय मागण्याचा हक्क त्याने दिला. अडचण अशी, की एल साल्वादोरच्या सरकारला पैसा आणि शस्त्रे अमेरिकाच पुरवत होती. तेथून पळालेल्याला निर्वासित म्हणणे म्हणजे आपले मित्र सरकार स्वतःच्याच प्रजेला मारते, हे मान्य करणे.

५/ परिणाम आकड्यांत दिसतो. १९८४ मध्ये एल साल्वादोर आणि ग्वाटेमालाच्या नागरिकांचे ३ टक्क्यांहून कमी अर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी कम्युनिस्ट पोलंडमधून आलेल्यांचे सुमारे ३२ टक्के मंजूर झाले. मध्य अमेरिकेतून येणारे पोटासाठी आलेले आहेत, जिवासाठी नव्हे, अशी रेगन प्रशासनाची भूमिका होती.

६/ टूसॉनच्या चर्चना हा प्रश्न वाळवंटाने शिकवला. जुलै १९८० मध्ये ऑर्गन पाइप कॅक्टस या भागात सीमा ओलांडणारे एल साल्वादोरचे १३ जण तहानेने मेले. वाचलेल्यांची सोय पाहण्यासाठी स्थानिक चर्चना बोलावणे आले, आणि ही माणसे कशापासून पळाली आहेत, हे त्यांच्याच तोंडून कळले.

७/ सुरुवातीला चर्चने केलेली मदत पूर्णपणे कायदेशीर होती. पकडलेल्यांपुढे 'स्वेच्छेने परत जातो' असा कागद ठेवला जाई आणि पुष्कळजण तो भीतीपोटी सही करून देत. चर्चचे लोक कोठडीत जाऊन सही न करण्याचा हक्क समजावत, जामिनाचे पैसे उभे करत, वकील देत, अर्ज भरत. दर आठवड्याला सरकारी इमारतीसमोर प्रार्थनासभाही होई.

८/ याच काळात जिम कॉर्बेट या गृहस्थाचा प्रवेश झाला. भारतीय वाचकाला कुमाऊंचा शिकारी आठवेल. हा कॉर्बेट मात्र हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेला, शेळ्या पाळणारा, सांधेदुखीने त्रस्त क्वेकर होता. मे १९८१ मध्ये त्याच्या मित्राच्या गाडीत बसलेल्या एका एल साल्वादोरच्या माणसाला सीमा पोलिसांनी पकडून नेले. त्या माणसाचे काय झाले, हे कॉर्बेटला जाणून घ्यायचे होते.

९/ टूसॉनच्या एका माजी महापौराचे नावही जिम कॉर्बेट होते. कॉर्बेटने फोनवर भारदस्त आवाजात स्वतःचे नाव सांगितले आणि हवी ती माहिती मिळाली. कोठडीत पोहोचल्यावर तिथे आणखी निर्वासित भेटले. त्यांच्या वतीने वकीलपत्राचे फॉर्म आणायला तो धावला. परत आल्यावर त्याला ताटकळत ठेवले गेले, आणि तेवढ्यात माणसे दुसरीकडे हलवली गेली.

१०/ कायद्याची वाट वेळ मिळवून देत होती, पण शेवटी अर्ज फेटाळले जातच होते. कॉर्बेटने निर्वासितांना स्वतःच्या घरी ठेवले. घर अपुरे पडल्यावर त्याने फाइफ यांना चर्चचे दार उघडण्याची विनंती केली. पुढे हे लोक सीमा ओलांडण्यातही मदत करू लागले. सरकारपर्यंत बातमी गेली आणि हे थांबवा, नाहीतर खटले होतील, असा निरोप आला.

११/ पर्याय दोन होते: मुकाट्याने थांबणे किंवा अटकेची वाट पाहणे. टूसॉनकरांनी तिसरा शोधला. गुपचूप पकडले गेलो तर सामान्य मानवी तस्कर ठरू. आधीच जाहीर केले तर सरकारला देशासमोर सांगावे लागेल, की ही माणसे निर्वासित का नाहीत. सदस्यांनी मतदान करून मोठ्या बहुमताने निर्णय घेतला आणि रोमेरोंचा स्मृतिदिन निवडला.

१२/ मराठीत 'सँक्च्युअरी' म्हटले की अभयारण्य आठवते. शब्दाचा मूळ अर्थ देवालयाचा पवित्र भाग. प्राचीन इस्राएलात अजाणता मनुष्यवध करणाऱ्यासाठी सहा आश्रयनगरे होती, आणि मध्ययुगीन युरोपात चर्चमध्ये शिरलेल्याला अभय मिळे. परंतु इंग्लंडने हा हक्क सतराव्या शतकातच रद्द केला. अमेरिकन कायद्यात तर तो कधीच नव्हता. पोलीस वॉरंट घेऊन आत येऊ शकत होते.

१३/ म्हणजे भिंतीत कायदेशीर बळ नव्हते. जे होते ते प्रसिद्धीचे, आणि कॉर्बेटने मांडलेल्या युक्तिवादाचे. त्याच्या मते हा कायदेभंग नव्हताच. निर्वासित कायदा सरकार मोडत होते, आणि नागरिक तो पाळत होते. या कल्पनेला त्याने 'नागरी पुढाकार' असे नाव दिले.

१४/ काही वर्षांत ५०० हून अधिक चर्च, सिनेगॉग आणि इतर धर्मसमुदाय यात सामील झाले. मतभेदही आले. देशभरचे काम पाहणाऱ्या शिकागोच्या गटाला अमेरिकेच्या युद्धनीतीविरुद्ध जाहीर साक्ष देतील असे निर्वासित हवे होते. टूसॉनचा आग्रह होता, की गरजू कोणीही असो, साक्ष देवो वा न देवो, दार उघडेच हवे. जखमा पुन्हापुन्हा सांगण्याची किंमत निर्वासितच मोजत होते.

१५/ सरकारने चर्चवर धाड घातली नाही, खबरे पाठवले. छुपा ध्वनिमुद्रक लावून ते बायबल अभ्यासवर्गांत बसले. जानेवारी १९८५ मध्ये १६ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत पास्टर, कॅथलिक धर्मगुरू, नन आणि साधे कार्यकर्ते होते. अनेक निर्वासितांनाही अटक झाली. काहींना सरकारी साक्षीदार म्हणून, आसरा देणाऱ्यांविरुद्धच, उभे केले गेले.

१६/ अखेर ११ जणांवर खटला चालला. एल साल्वादोरमध्ये काय चालले आहे, आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो, आरोपींची श्रद्धा काय, हे ज्युरीपुढे मांडण्यास न्यायाधीशांनी मनाई केली. बचाव पक्षाने एकही साक्षीदार न आणता काम संपवले. १ मे १९८६ रोजी फाइफ यांच्यासह आठजण दोषी ठरले. कॉर्बेटसह तिघे सुटले. दोषींना प्रोबेशन मिळाले, तुरुंगवास कोणालाच झाला नाही.

१७/ फौजदारी खटल्यात जे बोलू दिले गेले नाही, ते दिवाणी दाव्यात पुढे आले. १९८५ मध्येच अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस आणि इतर संस्थांनी सरकारवर दावा लावला होता. डिसेंबर १९९० मध्ये तडजोड झाली. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालाच्या आश्रयार्थींचे अर्ज नव्याने, परराष्ट्र धोरणाचा विचार बाजूला ठेवून, तपासण्याचे सरकारने मान्य केले. त्याच वर्षीच्या कायद्याने एल साल्वादोरच्या नागरिकांना तात्पुरते संरक्षणही दिले.

१८/ पुढे २०११ मध्ये इमिग्रेशन खात्याने चर्च, शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी शक्यतो कारवाई टाळण्याचे धोरण लिहून काढले. ते कायदा नव्हते, फक्त खात्याची सूचना होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने असे संरक्षण मागे घेतले, आणि रविवारच्या प्रार्थनेला जावे की न जावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला.

१९/ त्याच महिन्यात न्यायालयात गेले ते कॉर्बेटच्याच पंथाचे क्वेकर. त्यांच्यासोबत बॅप्टिस्ट आले आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटोचे शीख गुरुद्वारही आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेरिलँडच्या संघराज्य न्यायालयाने अंतरिम मनाई दिली, पण फक्त या दावेदारांपुरती. बाकीच्या देवळांच्या, चर्चच्या दारांना १९८२ मध्ये होते तेवढेच बळ उरले आहे: आत कोण उभे आहे, आणि बाहेर कोण पाहते आहे, यावर ठरणारे.