वीस हजार चौरस मीटर

गेल्या वीकांताला आम्ही फ्लॅट बघायला गेलो होतो. "बघायला" म्हणजे नुसतं बघायलाच, कारण घ्यायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. सिंहगड रस्त्याला आत कुठेतरी साईट. नेहमीचा कार्यक्रम झाला: सॅम्पल फ्लॅट, मशीनची कॉफी, काचेच्या पेटीतलं प्लास्टिकच्या झाडांचं मॉडेल. मी मॉडेलमधल्या स्विमिंग पुलाकडे बघत होतो तेवढ्यात बायकोने विचारलं, "ईसी आलीय का?"

"हो मॅडम, सगळ्या परमिशन्स आहेत."

"किती बिल्टअपची आहे?"

तो बिचारा पंचविशीतला मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "मॅडम, एफएसआयचा आकडा सांगू की टोटल?"

येताना गाडीत मी विचारलं, हे तुला कुठून माहीत? तर तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा ताबा याच दोन आकड्यांच्या भांडणात अडीच वर्षं अडकला होता. मला तोवर ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी एवढंच ठाऊक. ती कोण देतं, कशाला देतं, आणि दोन आकडे कसे काय, यातलं काही नाही. मग शनिवारची रात्र आणि पूर्ण रविवार आंतरजालावर निकालपत्रं आणि अधिसूचना वाचण्यात गेला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. वकील नाही, प्रोग्रॅमर आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

सुरुवात भोपाळपासून करावी लागते. १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारे जानेवारी १९९४ मध्ये पहिली पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. धरणं, खाणी, वीजप्रकल्प, रसायनांचे कारखाने वगैरे प्रकल्पांची ती यादी. त्यांनी आधी परिणामांचा अभ्यास करायचा, मगच परवानगी. त्या यादीत शहरातली घरं नव्हती. पर्यावरणाची हानी गावाबाहेर, धुराड्यातून होते, बाल्कनीतून नाही, असं तेव्हा बहुधा सगळ्यांनाच वाटत असावं.

७ जुलै २००४ ला त्या यादीत बांधकाम प्रकल्प आले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. कुठल्या प्रकल्पाला मंजुरी लागेल, याची तेव्हाची कसोटी काय होती? एक हजारांहून जास्त माणसं, किंवा दिवसाला ५०,००० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी, किंवा ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त गुंतवणूक. माणसं, मैला आणि पैसा! सरकारी कागदात इतका सरळ विचार क्वचित दिसतो.

जरा गणित करून बघू. आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण ८० टक्के गटारात जातं. म्हणजे माणशी १०८ लिटर. ५०,००० लिटर व्हायला ४६३ माणसं पुरतात. घरटी पाच माणसं धरली तर ९३ फ्लॅट. म्हणजे त्या "किंवा"मुळे हजार माणसांची अट कागदावरच राहिली. शंभरेक फ्लॅटची सोसायटीसुद्धा सांडपाण्यावरून जाळ्यात येणार.

नंतरच्याच वर्षी २६ जुलै आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस. मुंबईचं काय झालं ते सांगायची गरज नाही. माझा एक मित्र त्या रात्री कुर्ल्यात बसच्या टपावर होता, तो अजूनही पावसाळ्यात मुंबईची मीटिंग घेत नाही. चौकशीला माधवराव चितळ्यांची समिती नेमली गेली, मिठी नदी हा शब्द घराघरांत पोचला. पाण्याला प्लॉटची हद्द कळत नाही, हे त्या एका दिवसात दिसलं.

१४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना आली. मोठ्या सुधारणा होऊन आजही तीच चालू आहे. तिच्यात माणसं, मैला, पैसा तिन्ही गेलं आणि एकच आकडा आला: २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्र. तेवढं किंवा त्याहून जास्त बांधायचं असेल तर आधी मंजुरी. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे टाऊनशिपचा वेगळा, जास्त कडक वर्ग. मंजुरी महापालिका देत नाही. राज्य पातळीवरची तज्ज्ञ समिती प्रकल्प तपासते आणि राज्याचं प्राधिकरण मंजुरी देतं. महापालिकेला बांधकाम परवानगीतून विकास शुल्क मिळतं, त्यामुळे तराजू दुसऱ्याच्या हातात असणं मला बरंच वाटतं.

आकडा बदलण्यामागचं कारण समजू शकतं. माणसं किती येतील, सांडपाणी किती होईल हा अंदाज. चौरस मीटर मात्र नकाशावर मोजता येतात. आम्हीही हेच करतो. जे मोजायचंय ते मोजता येत नाही म्हणून त्याच्या शेजारचं काहीतरी मोजतो. ग्राहक खूश आहे का ते कळत नाही, मग किती तिकिटं बंद झाली ते मोजा. पुढे काय होतं ते प्रत्येक आयटीवाल्याला माहीत आहे :)

तपासतात तरी काय? बिल्डरने एक फॉर्म भरायचा: जमीन, पाणी, झाडं, प्राणीपक्षी, हवा, ऊर्जा, बांधकाम साहित्य अशी मोठी प्रश्नावली. पाणी कुठून आणणार, सांडपाण्याचं काय करणार, पावसाचं पाणी कुठे जाणार. त्यावर समिती अटी घालते: एसटीपी बांधा, पर्जन्यजल जिरवा, इतकी झाडं लावा. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणी मात्र नाही. धरणाला, खाणीला असते. म्हणजे ज्या रस्त्यावर या नव्या ८०० गाड्या येणार तिथे आधीपासून राहणाऱ्याला विचारायची सोयच नाही. आणि अटींचं पुढे काय होतं? आम्ही आत्ता राहतो त्या सोसायटीत एसटीपी आहे. त्याच्यावर हिरव्या रंगात बोर्डही आहे. वीजबिल परवडत नाही म्हणून तो बंद असतो, आणि मार्चपासून दारात टँकर. नाव सांगत नाही, सेक्रेटरी हे वाचतात.

असो. मूळ मुद्दा त्या एका शब्दाचा, "बांधीव क्षेत्र". २००६ मध्ये त्याची नीट व्याख्याच दिली नव्हती. "आच्छादित बांधकामाचं बांधीव क्षेत्र" इतकंच म्हटलं होतं. आणि आपल्या शहरांत बांधकाम मोजायची भाषा वेगळी, एफएसआयची, म्हणजे चटई क्षेत्राची. एफएसआयमध्ये पार्किंगचे मजले, जिने, लिफ्ट, तळघर असं बरंच काही नियमाने वगळलेलं असतं. महापालिकेच्या दृष्टीने ते मोजायचं नसतं, कारण तिला किती घरं विकता येतील ते नियंत्रित करायचं असतं. पण तळघर खणताना निघालेली माती एफएसआयमध्ये नाही म्हणून हवेत विरत नाही. पार्किंगच्या स्लॅबखाली जमिनीत पाणी मुरत नाही, तो स्लॅब मोजला काय आणि नाही काय.

आमच्याकडे एकदा दोन टीम "युजर" हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरत होत्या. एकीच्या लेखी नोंदणी केलेला तो युजर, दुसरीच्या लेखी लॉगिन झालेला. दोघांचा कोड बरोबर, रिपोर्ट मात्र तीन महिने चुकीचा. इथे तीच गंमत झाली, फक्त कॉंक्रीटमध्ये आणि अनेक वर्षं. शेवटी ४ एप्रिल २०११ ला मंत्रालयाने दुरुस्ती केली: सर्व मजले मिळून, तळघर आणि सेवांच्या जागा धरून जे होईल ते बांधीव क्षेत्र. पण मधल्या पाच वर्षांत घेतलेल्या मंजुऱ्यांचं काय?

इथे आमच्याच रस्त्यावरचा खटला येतो. सिंहगड रस्ता, वडगाव बुद्रुक. "गोयल गंगा डेव्हलपर्स विरुद्ध भारत सरकार" या नावाने तो कायद्याच्या वर्तुळात ओळखला जातो. ४ एप्रिल २००८ ला प्रकल्पाला मंजुरी मिळाली ती ५७,६५८ चौरस मीटरची: १२ इमारती, ५५२ फ्लॅट, ५० दुकानं, ३४ कार्यालयं. प्रत्यक्षात उभे राहिले ८०७ फ्लॅट आणि दुकानं-कार्यालयं मिळून ११७. म्हणजे २५५ घरं अशी, ज्यांचं पाणी, ज्यांचं सांडपाणी, ज्यांच्या गाड्या त्या फॉर्ममध्ये कधी आल्याच नव्हत्या. बचाव काय, तर मंजुरीतला आकडा एफएसआयचा होता, बाकीचं क्षेत्र त्यात धरायचंच नाही.

प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने दंड ठोठावला: १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या ५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. खटला चालू असतानाच ७ जुलै २०१७ ला मंत्रालयाने एक कार्यालयीन पत्रक काढलं, जे जुन्या मंजुऱ्यांच्या बाबतीत बिल्डरांच्या एफएसआयवाल्या अर्थाला आधार देणारं होतं. (२००४ चीही तारीख ७ जुलैच. योगायोग.) अधिसूचना म्हणते एक आणि खात्यातलं पत्रक म्हणतं दुसरं.

१० ऑगस्ट २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एफएसआयचा युक्तिवाद टिकला नाही. पत्रकाने अधिसूचना बदलता येत नाही, हेही स्पष्ट झालं. दंड १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, आणि यावेळी जे जास्त असेल ते. पुढच्या दोन इमारतींना मनाई. पण जे उभं आहे ते पाडा असं न्यायालय म्हणालं नाही. त्यात पैसे घातलेल्या, राहायला आलेल्या लोकांचा दोष नाही, पाडलं तर भुर्दंड त्यांनाच.

हा भाग मी दोनदा वाचला. मी न्यायाधीश असतो तर मीही पाडायला सांगितलं नसतं. ८०७ कुटुंबं, कोणाच्या मुलाची शाळा, कोणाचं वीस वर्षांचं कर्ज. पण मग तोललं काय? ओढ्यावर, पाण्यावर, रस्त्यावर भार पडायचा तो पडलाच. त्याचं रुपयांत एक बिल आलं. २००८ मध्ये समितीपुढे कागद होता तेव्हा एका पारड्यात वाढीव २५५ घरांचे नकाशे असते, दुसऱ्यात परिसर. २०१८ मध्ये त्याच पारड्यात माणसं बसलेली होती. मंजुरी "आधी" घ्यायची, या एका शब्दावर सगळी यंत्रणा उभी आहे, आणि तो शब्द निसटला की कितीही कडक न्यायाधीश आणा, फार काही करता येत नाही.

बिल्डरांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. प्राधिकरणाची मुदत संपते, नवं नेमायला वेळ लागतो, फाईल पडून राहते, आणि त्या काळातलं व्याज शेवटी आपल्याच प्रति चौरस फूट दरात येतं. घरं हवीच आहेत. पण त्यावर सुचलेले उपाय बघा. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रालयाने हे काम बरंचसं महापालिकांकडे द्यायचं ठरवलं. वर्षभरात हरित न्यायाधिकरणाने ते रोखलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न, उंबरठा ५०,०००वर नेण्याचा. दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, कॉलेजं, औद्योगिक शेड यांना सूट. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. रांग लवकर सरकावी म्हणून खिडकीवरचा माणूस वाढवायचा, तर दर वेळी रांगेतली माणसं कमी करायची युक्ती.

आणि "आधी" या शब्दाची लढाई तर अजून चालूच आहे. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नंतरून मंजुरी देण्याची पद्धतच बेकायदा ठरवली. सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण फेरसुनावणीला गेलं. एक कारण असं, की निकाल राहिला तर सुमारे २०,००० कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. पुन्हा वीस हजार. पुन्हा तेच, बांधून झालेलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र २००४ पासून आजवर कुठल्याच आकड्यात बसलेली नाही, ती म्हणजे बेरीज. एकाच ओढ्याच्या काठी १९,००० चौरस मीटरचे दहा प्रकल्प झाले तर एकालाही ईसी लागत नाही. फंक्शन प्रत्येक प्लॉटला वेगळं कॉल होतं, आधीच्या प्लॉटचं त्याला काही आठवत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुगला. वीसहून जास्त माणसं गेली. आम्ही तेव्हा सहकारनगरजवळच भाड्याने राहायचो; सकाळी रस्त्यात एकावर एक चढलेल्या गाड्या अजून डोळ्यांपुढे आहेत. कात्रजपासून खाली येणारं ते पाणी कुणाच्या हद्दीतलं होतं?

सोमवारी संध्याकाळी बायकोने त्या सेल्सच्या मुलाला फोन केला. त्याने ईसीचं पत्र लगेच पाठवलं, हे त्याचं कौतुक. सात पानं, ४१ अटी. आम्ही जेवण झाल्यावर टेबलावर पसरून बसलो, एका बाजूला ईसी, दुसऱ्या बाजूला महारेराच्या संकेतस्थळावरून उतरवलेला मंजूर नकाशा, मध्ये कॅल्क्युलेटर. पहिल्या तीन टॉवरचे मजले जुळले. चौथा टॉवर पत्रात २२ मजल्यांचा आहे, ब्रोशरमध्ये २६.

"वरचे चार प्रपोज्ड आहेत मॅडम," तो म्हणाला. "रिव्हाइज्ड ईसी येईलच."

आम्हाला दाखवलेला फ्लॅट चोविसाव्या मजल्यावर आहे.