पटाची जोडी

हिवाळी खेळांचं गाव म्हटलं की स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ आठवतं. अठराशे मीटर उंचीवरचं हे गाव 1864 पर्यंत फक्त उन्हाळी पाहुण्यांवर जगे. त्या वर्षी योहानेस बाद्रुट या हॉटेलवाल्याने चार इंग्रजांशी पैज लावली, असं सांगतात: हिवाळ्यात या, करमलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. ते आले आणि रमले. पुढे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यती तिथे रुजल्या. 1928 आणि 1948 ची हिवाळी ऑलिंपिकं याच गावात भरली.

त्याच 1864 साली आजचा यवतमाळ जिल्हा ‘आग्नेय वऱ्हाड’ म्हणून वेगळा निघाला. डोंगर इथेही आहेत, बर्फ नाही. पण हिवाळ्याचा खेळ आहे, तो म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. त्याचं मूळही मला रिकाम्या दिवसांतच दिसतं. पेरणी, डवरणी ही बैलांची कामं पावसाळ्यातली. कापूस वेचायचा तो माणसांच्या हातांनी. कोरडवाहू शेतं मोकळी होतात, जमीन वाळून घट्ट बसते, आणि गार हवेत पळणाऱ्या बैलाला धाप कमी लागते. म्हणून पट भरतात ते दिवाळीनंतर, महाशिवरात्रीच्या आसपासपर्यंत.

पटात पळणाऱ्या बैलाचं कूळ जुनं. वर्धा नदीपलीकडचा गवळाऊ पांढरा, हलक्या हाडाचा, चालीला चपळ. गवळ्यांनी जोपासलेल्या या गुरांतून मराठ्यांच्या फौजांनी सामान झपाट्याने ओढणारे बैल निवडले, आणि तो वेग वाणात मुरला. फौजा गेल्या, नांगरटीला ट्रॅक्टर आला. आता बैलाच्या वेगाला किंमत उरली ती पटातच. म्हणून पट टिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या डिसेंबर 2021 मध्ये. मधल्या साडेसात वर्षांत पळणारा गोऱ्हा हेरून त्याला खुराक घालायचं कारणच उरलं नव्हतं. शर्यतीत बैलाला वेदना देऊ नये, ही राज्याच्या 2017 च्या कायद्यातली अट मात्र मी पटाच्या बाजूची मानतो. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचून कुठलाही बैल उधळतो. जाणता धुरकरी कासऱ्यावर आणि हाकेवर जोडी काढतो, आणि जोडीची खरी चाल तेव्हाच कळते.