हातांनी दिलेला होकार

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एक विवाह झाला. वधू आणि वर, दोघेही जन्मतः कर्णबधिर. वेदीसमोर उभे राहून त्यांनी एकमेकांना हातांच्या खुणांनी वचन दिले आणि ख्रिस्तसभेच्या वतीने मी ते स्वीकारले. विधी आटोपल्यावर एका आजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फादर, तोंडातून शब्द निघाला नाही, मग लग्न लागलं म्हणायचं का?"

आजींचा प्रश्न भाबडा नव्हता. हाच प्रश्न आठशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील आर्ल येथील धर्मपीठाकडून रोमला पोचला होता. पोप तिसरे इनोसंट यांनी ११९८ साली त्याचे उत्तर दिले: ज्याला आपली संमती शब्दांनी सांगता येत नाही, त्याने ती खुणांनी सांगावी, तो विवाह ग्राह्य आहे. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातही, १,१०४ व्या कलमात, हीच तरतूद कायम आहे. तेव्हा आजींना मी निःशंकपणे म्हणालो, "आजी, लग्न लागलं." पण त्या प्रश्नाने मला एका जुन्या आणि काहीशा दुःखद इतिहासाकडे नेले.

माणूस माणसाशी बोलतो तो केवळ जिभेने नव्हे. नजर, चेहरा, हातवारे, जवळ येणे, दूर सरणे, मौन, ही सारी संवादाचीच साधने आहेत. पवित्र मिस्सामध्ये आपण उभे राहतो, गुडघे टेकतो, शांतिचिन्ह देतो. त्यातील अर्थ कोणी उच्चारून सांगावा लागत नाही. तथापि, वाणी हेच संवादाचे एकमेव खरे रूप, असा समज मानवजातीत खोलवर रुजला. 'ऐकण्यातून विश्वास येतो' या आशयाचे संत पौलाचे विधान संकुचित अर्थाने घेऊन, बहिऱ्या माणसाला धर्मज्ञान होणे अशक्य, असे काहींनी मानले.

वास्तविक पवित्र शास्त्राचा सूर निराळा आहे. मुका झालेला जखऱ्या पाटी मागवून आपल्या मुलाचे नाव लिहितो आणि ते सर्वांना मान्य होते. मार्कलिखित शुभवर्तमानात प्रभू येशू एका बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला समजेल अशाच भाषेत प्रभू प्रथम त्याच्याशी 'बोलला', असे मला नेहमी वाटते. संत ऑगस्टिन यांनीही इ. स. ३८९ च्या सुमारास लिहिलेल्या 'गुरूविषयी' या संवादग्रंथात आपल्या मुलाशी चर्चा करताना, बहिरी माणसे हावभावांनी संभाषण करतात, याकडे लक्ष वेधले आहे.

पुढे मठांमध्ये ही भाषा वेगळ्याच कारणाने वाढली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मौनाला मोठे स्थान आहे. भोजनाच्या वेळी काही हवे असल्यास आवाजाऐवजी खुणेने मागावे, असे त्यांनी सांगितले. इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठात शंभराहून अधिक खुणांची यादीच तयार झाली होती. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी वर्तुळ केले की भाकरी. पाण्यात माशाची शेपटी हलते तसा हात हलवला की मासा.

हात अर्थ वाहू शकतो, हे अशा मठांत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते. म्हणूनच सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्याच्या मठातील बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से दे लिओन यांनी एका सरदार घराण्यातील बहिऱ्या मुलांना शिकवण्याचे धाडस केले, याचे नवल वाटू नये. पण हे शिक्षण श्रीमंतांपुरते राहिले. गरिबांसाठी दार उघडले ते पॅरिसचे धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांनी. १७६० च्या सुमारास दोन बहिऱ्या बहिणींना शिकवता शिकवता त्यांनी कर्णबधिरांच्या खुणा आत्मसात केल्या, त्यांच्या आधारे शिकवण्याची पद्धत बसवली आणि विनामूल्य शाळा चालवली. शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांची भाषा शिकला, हेच त्यांचे थोरपण!

आणि मग १८८० चा सप्टेंबर उजाडला. इटलीतील मिलान शहरी बधिर-शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी केवळ एक जण बहिरा होता. वाणी ही खुणांहून निःसंशय श्रेष्ठ, म्हणून शिक्षण वाणीनेच द्यावे, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. अध्यक्षस्थानी एक धर्मगुरूच होते, जुलिओ तारा. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी आपले आयुष्य बहिऱ्या मुलांसाठी वेचले होते. पण परिणाम कठोर झाला. कित्येक शाळांतून खुणा हद्दपार झाल्या, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हात हलवणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. मुलांना बोलायला शिकवणे ही चूक नव्हती. त्यांच्या हातातील भाषा काढून घेणे, ही चूक होती.

त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. भारतातील अशा शाळांत तिला पहिला मान दिला जातो. आपल्या देशातील शाळांतही पुढे दीर्घकाळ भर राहिला तो ओठ वाचण्यावर आणि उच्चारावर.

चूक उमगायला ऐंशी वर्षे लागली. १९६० साली अमेरिकेतील विल्यम स्टोको या अध्यापकाने दाखवून दिले की, हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल यांतून खुणेचा शब्द घडतो, जसा आपला शब्द ध्वनींतून घडतो. म्हणजे खुणांची भाषा हे केवळ हातवारे नव्हेत; तिला स्वतःचे व्याकरण आहे. आवाज नसला तरी तेथे शब्द आहे! १९६५ मध्ये उपासनेत खुणांच्या भाषेला रोमची मान्यता मिळाली. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था २०१५ साली दिल्लीत उभी राहिली.

हा इतिहास लिहिताना मला माझाही एक अपराध आठवतो. माझ्या धर्मगुरुपदाच्या आरंभीच्या वर्षांत, धर्मशिक्षणाच्या वर्गात एक बहिरा मुलगा मागच्या बाकावरून आपल्या बहिणीला खुणांनी काही विचारत होता. वर्गाची शांतता भंगते म्हणून मी त्याला हात खाली ठेवायला लावले. शांतता कसली भंगणार होती? तो तर आवाजच करीत नव्हता. प्रश्न विचारीत होता, कदाचित देवाविषयी. तो प्रश्न मला कधीच कळला नाही.

त्या विवाहाच्या दिवशी वधूवरांचे हात उचलले गेले तेव्हा मला तो मुलगा आठवला. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करून 'इप्फाथा'चा विधी करण्याची ख्रिस्तसभेची परंपरा आहे. आजवर तो मी इतरांसाठी केला. खरे तर, कान माझेच उघडायचे राहिले होते.