परमदर्शनाचा वाद (१३३१–३६)

पुण्यवान आत्म्यांना देवाचे साक्षात दर्शन मृत्यूनंतर लगेच घडते की अंतिम न्यायाच्या दिवशी, यावरून कॅथलिक चर्चमध्ये झालेला वाद. १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला आव्हीन्यों येथील प्रवचनात पोप बाविसावे जॉन यांनी दुसरा पक्ष मांडला. मरणोत्तर जीवनाविषयीच्या व्यक्तिगत प्रतीतीला ख्रिस्ती श्रद्धेत किती स्थान आहे, हे इतके लख्खपणे क्वचितच दिसते. खुद्द पोपला जे पटले, ते श्रद्धेचा सिद्धांत ठरले नाही. पॅरिसच्या धर्मपंडितांनी १३३३ मध्ये विरोध केला, १३३४ मध्ये मृत्युशय्येवर जॉन यांनी मत मागे घेतले आणि १३३६ मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी ‘बेनेदिक्तुस देउस’ या घोषणापत्राने शुद्ध आत्म्यांना पुनरुत्थानापूर्वीच दर्शन घडते, असे निश्चित केले.

हा निव्वळ अधिकाराचा विजय होता, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु येथे माघार सर्वोच्च अधिकाऱ्यानेच घेतली. त्याच्या बाजूला क्लेअरवोच्या बर्नार्डसारख्या संताचे लेखन होते. तरीही संत आजच देवासमोर आहेत या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली मध्यस्थीची प्रार्थना अधिक भारी होती. तीही शेवटी अंतःप्रेरणाच, असे कोणी म्हणेल. मात्र ती एकट्याची नव्हती. उपासनेत जपलेली आणि शास्त्रवचनांशी ताडून पाहिलेली होती, आणि हा भेद निर्णायक मानला पाहिजे. आत्म्यांना त्याआधीच दर्शन घडते असे ठरवूनही देहाच्या पुनरुत्थानाची आशा बेनेडिक्ट यांनी सोडली नाही.